शिशाची गोळी (ठासणीच्या बंदुकीची)

नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून गजाने ठासून भरावयाच्या बंदुकीत वापरला जाणारा शिशाचा ओतीव गोलाकार प्रक्षेप्य. अशा बंदुकीस मराठीत ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. बार पेटविण्याच्या रीतीवरून तिचे तोड्याची, चकमकीची व टोपीची असे तीन मुख्य प्रकार होतात. परंतु तिन्हींत गोळी एकाच जातीची असते. दारू, नळी व चाप यांचे वर्णन बंदुकीच्या इतिहासात सविस्तर आढळते; गोळीकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः ठासणीच्या बंदुकीतील हा एकच धातूचा भाग असा होता, की जो कारखान्याची मदत न घेता बंदूकधारी स्वतः आपल्या चुलीवर तयार करू शकत असे. एकामागून एक ओतलेल्या गोळ्या व्यासाने, वजनाने व घडणीने एकसारख्या असणे यावर नेमाची अचूकता, भरण्याचा वेग आणि खुद्द बंदूकधाऱ्याची सुरक्षितता ही तिन्ही अवलंबून असत. प्रस्तुत नोंदीत अशा गोळ्या ओतण्याची रीत, त्यांतील दोष व त्यांची कारणे, तसेच माण प्रदेशाच्या व एकूण महाराष्ट्राच्या संदर्भात या विषयाचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

धातूची निवड : शिशाचे विशिष्ट गुरुत्व ११.३४, तर लोखंडाचे ७.८७ आहे. त्यामुळे १५ मिमी. व्यासाची शिशाची भरीव गोळी सु. २० ग्रॅ. भरते, तेवढीच लोखंडाची सु. १४ ग्रॅ. व दख्खनच्या काळ्या बसाल्ट दगडाची जेमतेम ५ ग्रॅ. भरते. एकाच आकारमानाच्या गोळ्यांपैकी जड गोळी हवेच्या रोधाला कमी जुमानते व अंतरावर जाऊनही वेग टिकवून धरते. शिसे मऊ असल्याने नळीच्या आतील पृष्ठभागास ते ओरखडत नाही; लोखंडाच्या किंवा दगडाच्या गोळ्यांनी मात्र नळी लवकर खराब होते.

शिसे ३२७.५° से. तापमानास वितळते. याउलट ओतीव लोखंड वितळण्यास सु. १,१५०° ते १,२००° से. तापमान लागते व त्यासाठी भाता आणि भट्टी यांची आवश्यकता असते. एक किग्रॅ. शिसे नेहमीच्या तापमानापासून वितळेपर्यंत तापविण्यास लागणारी उष्णता ही एक लिटर पाणी उकळीस आणण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या सु. एकपंचमांश एवढीच असते. म्हणूनच तोफेचा लोखंडी गोळा कारखान्यातून आणावा लागे. बंदुकीची गोळी मात्र गडावर, छावणीत वा घराच्या अंगणात शेण्यांच्या किंवा कोळशाच्या विस्तवावर ओतता येई.

या कामास शुद्ध, मऊ शिसे उत्तम होय. नखाने ज्यावर सहज ओरखडा उठतो ते शिसे मऊ समजावे. त्यात कथिल किंवा अँटिमनी मिसळल्यास धातू कठीण होतो, गोठताना त्याचे आकुंचन वेगळ्या प्रमाणात होते आणि त्याच साच्यातील गोळी किंचित मोठी व वजनास हलकी उतरते. म्हणून निरनिराळ्या ठिकाणचे भंगार शिसे एकत्र वितळविल्यास दोन घाण्यांतील गोळ्या सारख्या येत नाहीत. जस्ताचा अंश तर फारच घातक ठरतो. त्यामुळे रस दाट होऊन साचा नीट भरत नाही. मोठ्या कढईत सर्व शिसे एकदाच वितळवून, ढवळून व निवळून त्याच्या लहान विटा पाडणे आणि पुढे त्याच विटांपासून गोळ्या ओतणे ही एकसारखेपणाची पहिली पायरी होय.

व्यास, वजन व मोकळीक : गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने व्यासात एक टक्का फरक पडला, तर वजनात सु. तीन टक्के फरक पडतो. १५ मिमी. व्यासाची गोळी २० ग्रॅ. भरते, तर १६ मिमी. व्यासाची २४ ग्रॅ.हून अधिक भरते. जुन्या मापांत पहिली गोळी सु. पावणेदोन तोळ्यांची होईल. ८० तोळ्यांचा शेर धरल्यास एका शेरात अशा सु. ४६ व ४० शेरांच्या मणात सु. १,८६० गोळ्या होतात. नळीचे माप गोळ्यांच्या संख्येवरून सांगण्याची यूरोपीय पद्धतही याच संबंधावर आधारलेली आहे. ‘बारा बोअर’ म्हणजे एका पौंडात जिच्या मापाच्या बारा गोळ्या बसतात अशी सु. १८.५ मिमी. अंतर्व्यासाची नळी.

गोळी नळीच्या अंतर्व्यासापेक्षा थोडी लहान असावी लागते. या फरकास मोकळीक म्हणता येईल. काळ्या दारूच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घनरूप राखेच्या स्वरूपात उरतो व त्याचा थर नळीत साचतो. मोकळीक फार कमी असल्यास काही बारांनंतर गोळी अर्ध्या वाटेत अडकते. दारू व गोळी यांच्यामध्ये अशी पोकळी राहून बार काढला गेला, तर नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. उलट मोकळीक फार असल्यास दारूचा वायू गोळीच्या बाजूने निसटतो, वेग घटतो आणि नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडणारी गोळी शेवटच्या आघाताच्या दिशेने भरकटते. अठराव्या शतकातील ब्रिटिश पायदळाच्या बंदुकीचा अंतर्व्यास सु. १९ मिमी. व गोळीचा व्यास सु. १७.५ मिमी. असे, म्हणजे जलद भरता यावे यासाठी दीड मिमी. एवढी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असे आणि तिची किंमत अचूकतेच्या रूपाने मोजावी लागे. नेमबाजीसाठी मात्र गोळीभोवती तेल वा चरबी लावलेली कापडाची चिंधी गुंडाळून मोकळीक भरून काढतात. अशा वेळी गोळी नळीपेक्षा सु. पाव मिमी. लहान ठेवणे पुरेसे होते.

साचा : गोळ्यांचा साचा बहुधा दोन अर्धांचा असतो. प्रत्येक अर्धात अर्धगोलाकार खळगा व वरच्या कडेस ओतण्याचे छिद्र असते. एक-दोन गोळ्यांचे साचे अडकित्त्याप्रमाणे बिजागरीवर उघडणारे व लांब दांड्यांचे असत. साच्यासाठी लोखंड, पितळ व संगजिरे ही द्रव्ये वापरली जात. संगजिऱ्यावर कोरणे सोपे असते व उष्णतेने ते सहसा तडकत नाही; मात्र त्याच्या कडा लवकर झिजतात. पितळ लवकर तापते व सर्वत्र सारखे तापते. लोखंडी साचा टिकाऊ असला, तरी गंजल्यास खळग्याचा पृष्ठभाग खडबडीत होऊन तो खडबडीतपणा प्रत्येक गोळीवर उमटतो.

दोन्ही अर्ध तंतोतंत जुळणे ही चांगल्या साच्याची कसोटी होय. ते एकमेकांपासून केसभर सरकल्यास गोळीच्या दोन अर्धांत पायरी पडते. त्यांत फट राहिल्यास गोळी लांबट होऊन तिच्याभोवती पातळ पाळ येते. खळग्यांना दिव्याच्या काजळीचा पातळ थर दिल्यास शिसे चिकटत नाही व रस कडेपर्यंत पसरतो. परंतु थर जाड झाल्यास गोळी तेवढ्याने लहान होते. तेल किंवा तूप लावलेला साचा मात्र गोळीवर सुरकुत्या पाडतो.

वितळविणे व ओतणे : लोखंडी कढईत किंवा मुशीत शिसे वितळल्यावर वर करड्या रंगाची मळी येते. या मळीत शिशाचे ऑक्साइड असल्यामुळे ती सगळी काढून टाकणे नुकसानीचे असते. रसात अल्प मेण, चरबी किंवा राळ टाकून ढवळल्यास ती अभिवाहाचे कार्य करते. ऑक्साइडाचा काही भाग पुन्हा धातुरूप होतो आणि राख, माती व इतर मळ वर तरंगतो. तो पळीने काढून टाकतात. ओतण्यास योग्य तापमान सु. ३७०° ते ४३०° से. एवढे असते. रस फार तापल्यास त्याच्या स्वच्छ पृष्ठभागावर पिवळी, जांभळी व निळी झाक झपाट्याने चढते. अशा वेळी विस्तव कमी करतात.

थंड साच्यात ओतलेल्या पहिल्या काही गोळ्या नेहमीच सुरकुतलेल्या निघतात. त्या दोष न मानता पुन्हा कढईत टाकावयाच्या असतात, कारण त्यांच्यामुळेच साचा तापतो. साचा पुरेसा तापल्यावर पळी छिद्राजवळ धरून एकाच संथ धारेने रस ओततात. धार तुटली, तर आधी पडलेला थर गोठू लागतो व त्यावर दुसरा थर पडून गोळीवर वळी उमटते. द्रवातून घनरूप होताना शिशाचे घनफळ सु. साडेतीन टक्क्यांनी घटते. ही तूट भरून काढण्यासाठी छिद्राच्या तोंडावर रसाचा लहानसा साठा राहू द्यावा लागतो. वरचा रस आत ओढला जातो व गोळी भरीव होते. हा साठा न ठेवल्यास छिद्राच्या खाली, गोळीच्या आत, बाहेरून न दिसणारी पोकळी राहते. छिद्रावरील शिसे गोठून त्याची चकाकी मावळली, की काही क्षण थांबून साचा उघडतात व गोळी जाड ओल्या नव्हे, तर कोरड्या कापडावर टाकतात. त्यानंतर देठासारखे राहिलेले टोक कापून काढतात.

अनुभवी ओतणारा हे सर्व एका ठरावीक लयीत करतो. साचा भरणे, थांबणे, उघडणे व मिटणे यांना प्रत्येक वेळी सारखाच अवधी दिला, तर साच्याचे तापमान एका पातळीवर स्थिर राहते. मध्येच थांबल्यास साचा निवतो, घाई केल्यास तो अधिकाधिक तापतो. रस, साचा व हात यांपैकी हाताची लय हीच एकसारखेपणाचे खरे गमक ठरते. पुढील कोष्टकवजा वर्णनातून हे स्पष्ट होईल.

दोष व त्यांची कारणे : (१) सुरकुत्या : साचा किंवा रस थंड असणे अथवा खळग्यात तेलाचा अंश असणे. (२) हिमासारखा पांढुरका, खरखरीत पृष्ठभाग : साचा वा रस अतितप्त असणे. (३) अपुरी, बोथट कडा असलेली गोळी : धार अपुरी असणे, हवा बाहेर पडण्यास वाट नसणे किंवा रसात जस्त असणे. (४) अंतर्गत पोकळी : छिद्रावर रसाचा साठा न ठेवणे किंवा साचा लवकर उघडणे. (५) पाळ व पायरी : साच्याचे अर्ध नीट न मिटणे किंवा बिजागरी सैल होणे. (६) काळे ठिपके : रसात मळी मिसळली जाणे.

या दोषांपैकी अंतर्गत पोकळी सर्वांत फसवी असते. ती गोळीच्या मध्याशी नसल्यामुळे गोळीचा गुरुत्वमध्य व भूमितीय मध्य भिन्न होतात. अशी गोळी डळमळत व गिरक्या घेत जाते. गिरकी घेणारी गोळी हवेच्या दाबातील फरकामुळे वाकड्या मार्गाने जाते, हे बेंजामिन रॉबिन्झ (१७०७–५१) या इंग्रज गणितज्ञाने प्रयोगांनी दाखवून दिले. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला व येथेच १७५१ मध्ये मरण पावला. गुळगुळीत नळीच्या बंदुकीने सु. ७० ते ८० मी. पलीकडे एका माणसाचा नेम धरणे दुरापास्त होते, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

पारख व वर्गवारी : पारख तीन प्रकारे होते. प्रथम उजेडात फिरवून पृष्ठभाग तपासतात. नंतर योग्य व्यासाचे भोक पाडलेल्या धातूच्या पट्टीतून गोळी पार करून पाहतात. जी अडेल ती मोठी वा लांबट होय. शेवटी वजन करतात. वजनाची कसोटी अंतर्गत पोकळीचाही शोध लावते. जुन्या मापांपैकी गुंज हे सु. ०.१२ ग्रॅ. असते. २० ग्रॅ.ची एखादी गोळी इतरांपेक्षा एका गुंजेने हलकी भरली आणि तिचा व्यास मात्र सारखाच असला, तर तिच्या पोटात सु. पावणेतीन मिमी. व्यासाची पोकळी असली पाहिजे, असे गणिताने ठरते. म्हणजे सोनाराच्या साध्या तराजूनेही हा दोष पकडता येतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. पोकळीमुळे गोळी नेहमी हलकीच होते, जड कधीच होत नाही. म्हणून एका साच्यातील गोळ्यांचे सरासरी वजन आदर्श मानणे चुकीचे होय. ज्या वजनाशी सर्वांत जड गोळ्यांचा दाट समूह आढळतो, तेच भरीव गोळीचे वजन समजावे. त्याहूनही एखादी गोळी जड असल्यास साचा नीट मिटला नव्हता, असे अनुमान निघते. नापसंत गोळ्या वाया जात नाहीत. त्या पुन्हा कढईत जातात. दुष्प्राप्य धातूच्या बाबतीत हा गुण मोलाचा होता.

महाराष्ट्रातील स्थिती व माण प्रदेश : सातारा जिल्ह्यातील माण तालुका आणि त्यास लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा परिसर हा माणदेशाचा मुख्य भाग होय. हा प्रदेश पर्जन्यछायेत असून त्याची भूमी दख्खन ट्रॅपच्या बसाल्ट खडकांची आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यांपासून बनलेल्या या खडकांत शिशाचे खाणकामास योग्य असे धातुक नाही. सह्याद्रीतील व पूर्वेकडील बहुतेक सर्व किल्ले याच खडकावर उभे आहेत. माण तालुक्यातील महिमानगड व वारूगड हे किल्ले याच मालिकेतील होत. महिमानगड दहिवडीजवळ, साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. गडासाठी दगड, चुना, लाकूड व माणसे आसपास मिळत. कोळसा जागेवर करता येई. परंतु प्रत्येक गोळीचे शिसे दूरवरून आणावे लागे.

या परावलंबनाचे प्रमाण साध्या हिशेबाने कळते. एखाद्या गडावरील १०० बंदूकधाऱ्यांना १५ मिमी. व्यासाच्या प्रत्येकी ५० गोळ्या द्यावयाच्या, तर सु. १०० किग्रॅ., म्हणजे सु. २.७ मण शिसे लागेल. हे वजन जवळजवळ एका ओझ्याच्या बैलाच्या पाठीवरील गोणीएवढे होय. वाहतुकीच्या दृष्टीने ते अल्प असले, तरी ती गोणी बंदरावरून किंवा उत्तरेकडील खाणीवरून येणे आवश्यक होते. गड वेढला गेल्यावर मात्र तिची भर घालता येत नसे. त्यामुळे फुकट गेलेली गोळी म्हणजे केवळ एक चुकलेला बार नसून पुन्हा न मिळणारा धातू असे. गोळ्या नीट ओतणे व मापून ठेवणे यांत शिबंदीचे हित कसे गुंतलेले होते, हे यावरून दिसून येते.

शिसे प्रामुख्याने समुद्रमार्गे यूरोपीय व्यापाऱ्यांकडून येई. शिवकालात सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून ऐंशी तोफा व बंदुकांना पुरेल इतके शिसे शिवाजी महाराजांनी खरेदी केल्याचे रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने नमूद केले आहे. सभासद बखरीतील कोठारांच्या यादीतही शिशाचा उल्लेख येतो. उत्तरेत राजस्थानातील जावर व अजमेर येथे शिशाच्या खाणी होत्या. अजमेर मराठ्यांच्या ताब्यात असताना तेथील खाणीतून शिसे काढले जात असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या आरंभी, गडावरील दारू वस्तीपासून दूर ठेवावी व वरचेवर उन्हात वाळवावी असे बजावले आहे. दारूला दमटपणाचे भय असते. शिशाला ते नाही. त्यावर पांढुरका थर चढून आतील धातू सुरक्षित राहतो. त्यामुळे विटांच्या रूपाने साठविलेले शिसे कितीही वर्षांनी ओतता येते. यासाठी ओतलेल्या गोळ्यांबरोबर काही शिसे न ओतता राखणे सोयीचे असे, कारण कोणत्या नळीस किती गोळ्या लागतील हे आधी सांगता येत नसे.

ही अडचण नळ्यांच्या विविधतेतून उद्भवत असे. देशी लोहार नळी लोखंडाची पट्टी गुंडाळून व जोडून घडवीत असत आणि तिचा अंतर्व्यास प्रत्येक नळीगणिक वेगळा येई. म्हणून प्रत्येक बंदुकीबरोबर तिच्या मापाचा साचा असणे इष्ट असे. लांब व जाड नळी आणि नळीस बेताची बसणारी गोळी यांमुळे देशी तोड्याच्या बंदुकीचा पल्ला यूरोपीय सैनिकी बंदुकीपेक्षा अधिक असल्याचे अनेक यूरोपीय निरीक्षकांनी नोंदविले आहे. परंतु एकाची गोळी दुसऱ्याच्या नळीस चालत नसल्यामुळे मोठ्या फौजेस एकत्र पुरवठा करणे कठीण होई. एका माणसाच्या हातातील अचूक हत्यार आणि हजारोंच्या हाती देता येणारे एकसारखे हत्यार या दोन गरजा परस्परांविरुद्ध जात असत.

दुसऱ्या गरजेकडे मराठी राज्यकर्त्यांचे लक्ष अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वळले. पानिपतच्या लढाईत (१७६१) इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी कवायती पद्धतीने लढल्या. महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये द बॉयन्य या सेनानीस चाकरीस ठेवून कवायती पायदळ उभारले आणि आग्र्यास सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका बनविण्याचे काम सुरू केले. एका मापाच्या नळ्या झाल्या म्हणजे एका मापाची गोळी, कागदी पुडीत बांधलेला तयार बार आणि शिस्तबद्ध गोळीबार ही सर्व शक्य होतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत वेलस्लीच्या सैन्यास ज्या पायदळाशी व तोफखान्याशी सामना द्यावा लागला, ते याच घडणीचे होते. डोंगरी मुलखातील रामोशी, कोळी इत्यादींच्या हाती मात्र तोड्याची बंदूक व तिचा स्वतंत्र साचा पुढेही काही दशके राहिला.

गोल गोळीचा अस्त : बंदुकीच्या लहान छऱ्यांसाठी ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स याने १७८२ मध्ये नवी रीत शोधून काढली. उंच मनोऱ्यावरून चाळणीतून पाडलेला शिशाचा रस पडता पडता गोल होऊन खालच्या पाण्यात गोठतो. मोठ्या गोळ्यांना ही रीत लागू पडत नाही; त्या साच्यातच ओताव्या लागत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याच्या लांबट गोळीने चित्र पालटले. ही गोळी नळीपेक्षा लहान असल्याने सहज आत जाते. बार होताच तिचा पोकळ बुंधा फुलून नळीतील सर्पिल खोबणींत बसतो. भरण्याचा वेग व अचूकता यांतील जुना विरोध त्यामुळे मिटला. याच तत्त्वावरील १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीची चरबी लावलेली काडतुसे १८५७ च्या उठावाचे एक निमित्त ठरली. उठावानंतर नि:शस्त्रीकरण झाले व १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याची पद्धत दृढ केली. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि गोळी ओतणे हे घरगुती कौशल्य न राहता कारखान्यातील यांत्रिक काम बनले.

आज गोल गोळी मुख्यतः क्रीडाक्षेत्रात टिकून आहे. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा १९७१ पासून भरत आल्या आहेत. त्यांत भाग घेणारे आपल्या गोळ्या बहुधा स्वतः ओततात व वजनाप्रमाणे निवडतात.

धोके व कायदा : वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला, तर त्याची तत्काळ वाफ होऊन रस उसळतो व गंभीर भाजण्याचा संभव असतो. म्हणून साचा, पळी व भर घालावयाचे शिसे पूर्ण कोरडे असावे लागते. शिसे विषारी आहे. ओतण्याच्या नेहमीच्या तापमानास त्याची वाफ अल्प असते. खरा धोका मळीच्या धुळीपासून व हातांवाटे तोंडात जाणाऱ्या कणांपासून असतो. शरीरात शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असे आज मानले जात नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते विशेष अपायकारक होय. यामुळे हे काम मोकळ्या हवेत करणे, स्वयंपाकाची भांडी त्यासाठी कधीही न वापरणे व नंतर हात स्वच्छ धुणे आवश्यक ठरते.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ठासणीची बंदूक बाळगण्यासही परवाना लागतो. त्या अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचा अंतर्भाव असल्याने गोळ्या ओतणे ही खाजगी हौसेची बाब राहत नाही. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीसही मनाई आहे.

पुरातत्त्वीय महत्त्व : किल्ल्यांच्या उतारावर व जुन्या रणभूमीवर सापडणारी शिशाची गोळी हे एक ऐतिहासिक साधन होय. जमिनीत पडलेल्या गोळीवर पांढुरका थर असतो. देठ कापल्याची खूण, साच्याची शिवण किंवा पायरी यांवरून ती ओतीव असल्याचे ठरते. गोळी आदळून चपटी झाली असली, तरी तिचे वजन फारसे बदलत नाही. म्हणून मिमी.मधील मूळ व्यास काढण्यासाठी ग्रॅ.मधील वजनाच्या घनमूळास ५.५२ ने गुणावे. जुन्या गोळ्यांत सूक्ष्म पोकळ्या असल्याने प्रत्यक्ष व्यास याहून किंचित अधिक धरावा लागतो. अमेरिकेतील मॉनमथच्या रणभूमीवर (१७७८) अशा मापनांवरून कोणत्या बाजूच्या बंदुका कोठे चालल्या, याचा मागोवा घेतला गेला. एकाच जागी सापडलेल्या गोळ्यांचे व्यास विखुरलेले असतील, तर निरनिराळ्या नळ्यांची देशी शिबंदी आणि ते एका मापाभोवती दाटलेले असतील, तर कवायती पलटण, असे अनुमान करण्यास जागा राहते. अशी गोळी जागेवरून उचलली, की तिच्या स्थानाची साक्ष नष्ट होते. तिची जागा, खोली, वजन व व्यास यांची नोंद होऊन ती पुरातत्त्व खात्याच्या वा संग्रहालयाच्या स्वाधीन होणे इष्ट असते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय व साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांत जुन्या शस्त्रांचे संग्रह पाहावयास मिळतात. माणदेशातील किल्ल्यांच्या लढाऊ इतिहासाविषयी लेखी साधने थोडी असल्याने तेथील मातीतील एकेका गोळीचे वजन हाही त्या इतिहासाचा एक पुरावा ठरतो.